बसलेल्या गाड्यांच्या अक्का

अक्का, तुमच्या तेराव्याला मी रडले नाही, हे उदगीरच्या सगळ्या बायकांनी पाहिलं. मी आतून धुमसत होते, ते मात्र कुणाला दिसलं नाही. मांडवात बसलेला एकेक माणूस उठून तुमच्याबद्दल बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक गाडी होती. चालू न होणारी गाडी. कुणाची लग्नाच्या दारात अडलेली, कुणाची दवाखान्यापुढे, कुणाची भर बाजारात मागून हॉर्न वाजत असताना. आणि मग ‘अक्काला फोन लावला’. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको, घरातली माणूस, आणि मला खाली मान घालून ऐकावं लागत होतं की माझ्या नणंदेचा नंबर अख्ख्या मुलखाला तोंडपाठ आहे.

धर्माबादच्या मिरचीवाल्या शेटजींनी तर मांडव हसवला. त्यांची गाडी नव्या तऱ्हेची, किल्ली नुसती खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. लक्ष्मीपूजनाला त्यांनी किल्ली ताटात मांडून हळदकुंकू वाहिलं. पाडव्याला सगळं घर नवे कपडे घालून अंगणातल्या उघड्या गाडीत जाऊन बसलं आणि शेटजी बटण दाबून दाबून घामाघूम झाले. तुम्ही फोनवर विचारलंत म्हणे, “शेटजी, किल्लीला देवापासून उठवलं का न्हाई?” मलाही हसू आलं. मग राग आला, कारण ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती.

आता तुम्ही उलटून बोलू शकत नाही, तर सरळच सांगते. मला तुमचा हेवा वाटायचा. वाटायचा काय, अजून वाटतो. माणूस गेलं की हेवाही जातो असं मी ऐकलं होतं, पण माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही.

सुरुवात बारशापासूनची आहे. मुलीचं नाव मी नऊ महिने मनात धरून ठेवलं होतं, ईशा. तुम्हालाही सांगून ठेवलं होतं, कारण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तुम्ही पाळण्यावर वाकलात, कुर्र केलंत आणि सरळ ‘मुक्ता’ म्हणून मोकळ्या झालात. वर सगळ्यांना म्हणालात, “तिच्याकडं बघितलं अन् हेच नाव तोंडात आलं, मी काय करू?” सासूबाईंना आवडलं, यांना आवडलं, शेजारणींना आवडलं. बायकांनी रीतीप्रमाणे तुमच्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एक जरा जोरात बसला, तो माझा होता. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत.

तुम्हाला मूलबाळ नव्हतं. लोक मला आडून आडून सुचवायचे की सुनंदा, तू समजून घ्यायला पाहिजेस. मी समजून घेत होतेच. पण समजलं म्हणून हेवा कमी होतो हे कुणी सांगितलं? ज्याला पोटात दुखतं त्याला कारण कळल्यानं आराम पडत नाही.

गाडी तुम्ही हौसेनं शिकला नाहीत, एवढं मला मान्य आहे. दाजींची नजर अंधारू लागली आणि आडतीच्या दुकानासाठी रोज कुठे ना कुठे जावं लागायचं, म्हणून तुम्ही स्टेरिंग हातात घेतलंत. त्याआधी कितीतरी वर्षं दुकानातला फोन तुम्हीच घ्यायचात. तूर, सोयाबीन, हरभरा, कुणाचा माल कुठे अडला, कुणाचा ट्रक कुठल्या गावात उभा, सगळं तुमच्या कानातून जायचं. भाव विचारणाऱ्याला तुम्ही आधी भाव कधीच सांगितला नाहीत. आधी कुठून बोलतोस, पाऊसपाणी कसं, जेवलास का. समोरचा माणूस शांत झाला की मग भाव. हीच रीत तुम्ही पुढे गाड्यांना लावलीत. घाबरलेल्या माणसानं गाडीतून फोन केला की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, “आधी घोटभर पानी पी.” पाणी पिऊन होईपर्यंत निम्म्या लोकांना आपली चूक आपोआप दिसायची. मला हे लबाडीचं वाटायचं, तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमचं आणखी एक होतं. ‘गाडी बंद पडली’ असं कुणी म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. “बंद दुकान पडतंय. गाडी बसती. बसली म्हन, म्हंजे उठंल.” पुढे सगळं घर, मग सोयरेधायरे, मग अर्धं उदगीर तसं म्हणायला लागलं. गाडी बसली. मी मराठीची शिक्षिका, नांदेडला पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात माझं आयुष्य गेलं. मी हट्टानं ‘बंद पडली’च म्हणत राहिले.

आमची पहिली गाडी आली तो दिवस आठवतो? तुम्ही येऊ शकला नव्हतात, मोंढ्यात हंगाम होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. आज तरी सगळं माझ्या हातून होईल. मी आरतीचं ताट घेतलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे जायची, लिंबं चिरडायची आणि पेढे वाटायचे. हे आत बसले, किल्ली फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, काही नाही. शोरूमवाल्याचा फोन लागेना. गल्ली गोळा झालेली. सासूबाई पुटपुटायला लागल्या, मुहूर्त चुकला की काय. माझ्या हातातल्या ताटातलं निरांजन विझलं, ते मी पदराआड लपवलं. आणि तुमच्या भावानं तुम्हाला फोन लावला.

तुम्ही त्यांना पाणी प्यायला लावलंत. मग म्हणालात, “बापू, लिंबं किती आनली हुती?”

“पाच.”

“चाकाखाली किती ठिवली?”

“चार.”

“मग पाचवं कुठं हाय?”

पाचवं लिंबू नजर लागू नये म्हणून मीच समोर डॅशबोर्डवर ठेवलं होतं. ते घरंगळून खाली गेलं होतं आणि क्लचच्या मागे जाऊन बसलं होतं. नव्या गाड्यांना क्लच पार तळाला टेकेपर्यंत दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. हे दाबत होते, लिंबू अडवत होतं. लिंबू काढलं, गाडी चालू झाली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या फोनला वाजवल्या, अक्का. आरतीचं ताट घेऊन मी उभी होते आणि लोक फोनकडे बघून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशीचे पेढे मला गोड लागले नाहीत.

मग मीही शिकले. ईर्ष्येनं शिकले म्हणा. लायसन मला पहिल्या फटक्यात मिळालं. तुम्ही एकदा नापास झाला होतात, ही गोष्ट मी त्या आठवड्यात बऱ्याच जणांना सांगितली. वर ठरवलं की काहीही झालं तरी गाडीतून तुम्हाला फोन करायचा नाही. आणि केलाही नाही. यांचे गुडघे दुखायला लागल्यावर आम्ही बिनक्लचची गाडी घेतली, तेव्हाही मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली होती.

तरी विष्णुपुरीला व्हायचं ते झालंच. धरणाची दारं उघडली होती, शाळेतल्या आम्ही चौघीजणी पाणी बघायला गेलो. पाण्याचा आवाज लांबूनच येत होता, सगळ्या उतरायची घाई करत होत्या. मी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि पळाले. परत आलो तर गाडी ढिम्म हलेना. मी ब्रेक दाबून पाहिला, किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली, बोनेट उघडून आत बघितलं, जणू मला त्यातलं कळतं. कुलकर्णीबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पर्समधून फोन काढला आणि म्हणाल्या, थांबा, माझ्याकडे एका बाईंचा नंबर आहे, त्या फोनवरच सांगतात.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुमचा आवाज स्पीकरवर आला, शांत, दुकानातला. कुलकर्णीबाईंनी गाडी कोणती ते सांगितलं, विष्णुपुरी सांगितलं, शाळा सांगितली. तेवढ्यावरून तुम्हाला कळलं कुणाची गाडी आहे ते. मग तुम्ही म्हणालात, गियरची दांडी बघा, ‘डी’वर राहिली असंल, ‘पी’वर आना, पाय ब्रेकवर ठिवा. दांडी ‘डी’वरच होती. गाडी लगेच चालू झाली. आणि तुम्ही वर म्हणालात, “त्या गाड्यात तसं लई जनांचं होतंय. चालवनाऱ्याची चूक न्हाई ती.”

चूक चालवणाऱ्याचीच होती. मैत्रिणींपुढे तुम्ही मला झाकलंत, आणि पुढे कधी त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाहीत, भावापाशीसुद्धा. आता विचार करते तर कळतं, ते किती मोठं होतं. तेव्हा मात्र मी नांदेडपर्यंत दात आवळून गाडी चालवली. चांगुलपणाही तुमच्याच वाट्याला, मला काय उरलं, असं वाटत होतं. तुम्ही मला एकदा तरी टोमणा मारायला हवा होता, म्हणजे माझं ओझं कमी झालं असतं.

आणि मग मुक्ताला लातूरच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. गाडी घ्यायची ठरली. आम्ही दोघांनी तिला चार गाड्या दाखवल्या. तिनं घेतली ती तुमच्यासारखी, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग. तुमची मागच्या काचेवर लावायची जाळीसुद्धा तिनं तशीच आणली. मी म्हणाले, अगं निळी घेतली असतीस तर ओळखू तरी आली असती. ती म्हणाली, ओळखू कशाला यायला पाहिजे?

तिचे फोन तुम्हाला सुरू झाले. स्टेरिंगला कुलूप लागलंय, किल्ली फिरत नाही. आतला दिवा रात्रभर चालू राहिला, बॅटरी उतरली. पेट्रोलचा काटा तळाला होता, तशीच चढावर लावली, आता नुसती खोकतीय. मला हे सगळं चार दिवसांनी कळायचं आणि तुमच्याकडून कळायचं. मी तिला विचारायचे, मला का नाही फोन केलास? ती म्हणायची, आई, तू आधी रागावतेस, मग विचारतेस. मी रागवायचे.

दिवाळीनंतर उदगीरला आले होते तेव्हा आपलं जे भांडण झालं, ते तुमच्या लक्षात आहे का? भांडण म्हणजे आवाज चढला नव्हता कुणाचाच. तुम्ही ज्वारीच्या भाकरी थापत होता आणि मी पाटावर बसून ठेचा कुटत होते. सकाळपासून तुमचा फोन वाजत होता. त्यात लातूरच्या एका बाईंचा फोन तिसऱ्यांदा आला, पुन्हा तीच चूक. मी म्हणाले, अक्का, तुम्ही लोकांना पांगळं करून ठेवलंय. माझ्या वर्गातल्या पोरानं तीच चूक तिसऱ्यांदा केली तर मी त्याला उभं करते. एकदा सगळ्यांना नीट शिकवा आणि मोकळ्या व्हा.

तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. “मोकळी होऊन काय करू गं?” म्हणालात.

माझ्याकडे उत्तर होतं. मला म्हणायचं होतं की तुम्ही आमच्याकडे नांदेडला या, राहा महिना-दोन महिने. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, “तुझ्या घरात मान्सं हायत, सुनंदा. तुला न्हाई कळायचं.” म्हणजे इतकी वर्षं मी तुमचा हेवा करत होते आणि तुम्ही माझ्याच घराकडे बघत बसला होता. मला धक्का बसला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. मी काही बोलणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तुम्ही पिठाचा हात पुसलात, फोन बघितलात आणि तुमचा चेहरा उजळला. मुक्ताचा फोन होता. तुम्ही उठून अंगणात गेलात. भाकरी करपली, ती मी काढली. ‘नांदेडला या’ हे तसंच राहिलं.

तेराव्याच्या संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर दाजी ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांना आता माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. म्हणाले, “सगळ्यायच्या गाड्या सांगितल्या लोकांनी. पन मुक्ताची गाडी लई बसायची. नवी कोरी गाडी, तरी आठवड्यातून दोनदा बसायची. ही अंगनात जाऊन तासतास बोलायची.”

मी म्हणाले, तासतास? गाडीचं काय बोलायच्या एवढं?

दाजी हसले. “गाडीचं कशाचं. पोर बसली असंल तर गाडीच बसली म्हनायची. आत्याला बरोबर कळायचं.”

 मुक्तानं जमत आलेलं लग्न मोडलं तेव्हा आम्हाला सरळ निर्णय कळवला होता. कसं मोडलं, का मोडलं, रडली का, जेवली का, हे मला आजपर्यंत माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. अंगणात, त्या कडुनिंबाखाली, तुम्ही माझ्या लेकीचं सगळं ऐकून घेत होता आणि मला वाटत होतं की बॅटरी उतरलीय. इतका जळफळाट मला बारशाच्या दिवशीही झाला नव्हता. त्या रात्री तुमच्याच घरात, तुमच्याच गोधडीवर पडून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. मला सांगायचं होतंत. निदान एवढं तरी, की सुनंदा, पोरगी बरी नाही, जरा बघ. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आधी रागावले असते. तिचा तुमच्यावरचा विश्वास गेला असता आणि माझ्यावर बसला नसताच. तुम्ही गप्प राहिलात ते तिच्यासाठी. आणि तिला तेव्हा कुणीतरी होतं, या गोष्टीसाठी तुमचे पाय धरावेत एवढी मी तुमची ऋणी आहे. दोन्ही खरं आहे, अक्का. पाय धरावेसे वाटतात आणि पाठीत आणखी एक धपाटाही घालावासा वाटतो.

नांदेडला परत आल्यापासून मी फोनची वाट बघू लागले. मुक्ताची गाडी बसावी अशी मी वाट बघत होते, असली आई तुम्ही कुठे बघितली आहे का? तुमचा भाऊ आता गाडीत बसण्याआधी न चुकता घोटभर पाणी पितो, कुणी सांगितलेलं नसताना. मी ते बघत असते. लेकीला रोज रात्री फोन करते. जेवलीस का, हो. बरी आहेस का, हो. गाडी ठीक आहे का, हो. माझी फजिती तुम्ही बघायला हवी होती. तुमच्यासारखा आवाज काढून पाहिला, तर ती म्हणाली, आई, तुला सर्दी झालीय का?

काल दुपारी मधल्या सुट्टीत फोन आला. शिक्षकांच्या खोलीत गलका होता, म्हणून मी व्हरांड्यात आले.

“आई, गाडी बसली,” मुक्ता म्हणाली.

 गाडी की तू, हे विचारावं की नाही? विचारलं आणि ती मिटून गेली तर? रागावायचं नाही असं मी स्वतःला बजावलं. कुठे आहेस विचारलं. दवाखान्याच्या मागे, सावलीत. काय होतंय? किल्ली आत जातेय, पण फिरत नाही. मी म्हणाले, स्टेरिंग हलवून बघ. ती म्हणाली, हलवलं. गियर? न्यूट्रलला आहे. क्लच? पूर्ण दाबलाय, खाली काही नाही, पाहिलं. आत्यानं सांगितलेलं सगळं करून झालं, आई.

आत्यानं सांगितलेलं सगळं करून झालं होतं, म्हणून माझा नंबर लागला होता. मी गिळलं ते. आणि मला पुढे काही सुचेना, कारण मलाही जे येत होतं ते तेवढंच होतं. गाडीतलं मला अधिक काही कळत नाही. मग मी गाडीचा विचार सोडला आणि पोरीचा करू लागले. ही पोर एका पायात माझी आणि एका पायात स्वतःची चप्पल घालून दुकानाला जायची. शाळेतून दुसऱ्याचाच डबा घेऊन यायची आणि घरी येऊन म्हणायची, आज भाजी वेगळी होती. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणारी. तुम्ही तिला लहानपणी सुट्टीतच बघितलंत, अक्का. रोजची ती माझी होती.

“मुक्ता,” मी म्हणाले, “किल्ली कोणती लावलीस?”

“कोणती म्हणजे?” मग बराच वेळ नुसता पर्समध्ये हात फिरल्याचा आवाज. मग हळू आवाजात, “दोन आहेत.”

“दुसरी कुणाची?”

“आत्याच्या गाडीची. तेराव्याला आतोबांकडे मी मागितली. आपली असावी जवळ म्हणून.” ती रडत होती का हसत होती, कळलं नाही. “दार माझ्या किल्लीनं उघडलं, दोन्ही पर्समध्ये टाकल्या, आणि आता मघापासून आत्याची किल्ली फिरवत बसलेय.”

मला तेराव्याला तुमची इरकली साडी मिळाली. सगळ्यांसमोर, ओटी भरून. किल्ली मागायचं मला सुचलंही नसतं. मी तिला एवढंच म्हणाले की आता तुझी लाव. तिनं लावली. इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू आला, आणि मी, माझ्या वयाची बाई, शाळेच्या व्हरांड्यात एकटीच हसले. लिंबाच्या दिवशी तुम्हाला असंच वाटलं असणार. हे रोज मिळत होतं तुम्हाला, अक्का. रोज.

मला वाटलं, आता ठेवेल. तिनं ठेवला नाही. गाडी चालू होती आणि ती बोलत नव्हती. मीही बोलले नाही. मला गप्प राहता येतं हे मलाच माहीत नव्हतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं वर्गात गेली, माझा नववीचा तास होता, तो मी जाऊ दिला. मग ती बोलायला लागली. काय बोलली ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आधीच माहीत असणार. मी एकदाही मधे बोलले नाही, एकदाही रागावले नाही. तुमच्यासारखा आवाजही काढला नाही. नुसती ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आली माझी लेक, इतक्या वर्षांनी माझ्याकडे आली.

शेवटी तिनं नाक ओढलं, बरं वाटलं म्हणाली, पुढचा पेशंट वाट बघतोय म्हणाली.

“ठेवते मी, आत्या.”

तिला कळलंही नाही ती काय म्हणाली ते. मी तुमच्यासारखं “हाव” म्हणाले, सावकाश जा म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही कानाला तसाच धरून उभी राहिले. अक्का, तेवढा एक फोन तरी माझा राहू द्यायचा होता.